पायडलच्या सत्त्याण्णव फेऱ्या

पालघर,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय शिवाजीमामा,

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवर टाईप करायला तुम्ही तयार नाही, म्हणून हे पत्र कमळीबरोबर पाठवते आहे. ती सकाळी तुमच्या पाम गावाहून मासळीची टोपली घेऊन इथल्या बाजारात येते आणि दुपारी परत जाते. पत्राला बोंबलांचा वास आला तर राग मानू नका.

तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांचा कागद मामीने मला फोनवर वाचून दाखवला. मी तिला तो पुन्हा वाचायला लावला आणि तरी धीर होईना म्हणून फोटो मागवला. त्यात लिहिलं आहे: सायकल चालवायला हरकत नाही, पण वेग ताशी पंधरा किलोमीटरच्या आत आणि पायडल मिनिटाला पन्नास फेऱ्यांच्या आत. मामीची अट कागदावर नाही, पण ती जास्त पक्की आहे. डिसेंबरभर तुम्ही गावाच्या रस्त्यावरच चालवायची. आकडे हद्दीत राहिले तर नव्या वर्षात सुकाकाकांच्या शेतावर जायला मोकळे. एकदा जरी हद्द मोडली तर सायकल मनोरला तिच्या भाच्याकडे, भाग्येशकडे जाणार. आणि आकडे मी बघायचे. मामी म्हणाली, "तुझा मामा कमी सांगेल, डॉक्टर जास्त सांगेल, तू आहे तेवढंच सांगशील."

तेव्हापासून मला नीट जेवण जात नाही. सुकाकाका म्हणजे तुमच्यासाठी काय, हे मला माहीत आहे. प्लांटातल्या कॉम्प्रेसरच्या गोंगाटात तुम्ही दोघं वीस वर्षं हातांनी बोललात. तुमचे कान त्या गोंगाटाने नेले, पण हातांची भाषा राहिली आणि ती या जगात दोघांनाच येते.

वेग आणि फेऱ्या मोजायला बिनतारी सेन्सर मिळतात. एक चाकाला आणि एक पायडलच्या दांडीला. जुन्या प्रकारात चाकाच्या तारेला लोहचुंबक बांधतात. नव्या प्रकाराला चुंबक लागत नाही, त्याला स्वतःलाच आपण फिरतोय हे कळतं. मी एकशे त्रेचाळीस लोकांची मतं वाचली. आता मला दोन्ही प्रकारांची भीती वाटते. तुम्ही सांगा.

तुमची,
ज्ञानेश्वरी

•

पाम,
२१ नोव्हेंबर

चि. ज्ञानू,

तुझं पत्र वाचलं. वास बोंबलांचा नाही, मांदेलीचा आहे. लिहिण्याआधी खात्री करत जा.

मी चुंबकाच्या बाजूचा. चुंबक डोळ्याला दिसतो, आणि जे दिसतं ते दुरुस्त करता येतं. स्वतःलाच कळतं म्हणणाऱ्या यंत्रावर माझा विश्वास नाही. तशी माणसंही मी नोकरीत पुष्कळ पाहिली. पण माझं मागचं चाक थोडं लचकतं. चुंबक आणि सेन्सरमध्ये दोन-तीन मिलिमीटरचं अंतर ठेवायचं तर प्रत्येक फेरीला दोघांची टक्कर होईल. तेव्हा नवा प्रकार घे.

वेगासाठी चाकाचा घेर लागेल. पुस्तकातला घेऊ नकोस. मी चाकाला खडूची खूण करून, सायकलवर बसून, तुझ्या मामीला टेप धरायला लावून मोजला. दोनशे तेवीस सेंटिमीटर. तीनदा मोजला. तिसऱ्या वेळी मामी टेप टाकून आत गेली.

आशीर्वाद.
शिवाजी

•

पालघर,
२८ नोव्हेंबर

प्रिय मामा,

सोबत छोट्या डबीत दोन सेन्सर आहेत. दोन्ही दिसायला सारखे आहेत, म्हणून मी एकावर 'चाक' आणि दुसऱ्यावर 'पायडल' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. चाकाचा रबराने चाकाच्या मधल्या नळीला, म्हणजे हबला, बांधायचा, पायडलचा डाव्या दांडीच्या आतल्या बाजूला. चाक फिरवलं की ते जागे होतात. मामीच्या मोबाईलमध्ये मी तिला फोनवर सांगून ॲप घालून घेतलं आहे. मोबाईल तुमच्या खिशात ठेवा, आकडे आपोआप माझ्याकडे येतील.

मला त्यातलं काही तपासता आलं नाही. सेलचं झाकण उघडावं की नाही ते ठरेना.

ज्ञानेश्वरी

•

पाम,
२९ नोव्हेंबर

चि. ज्ञानू,

दोन्ही यंत्रं मेलेली आहेत. चाक फिरवून फिरवून माझा उजवा हात भरून आला. कमळी जाता जाता ओट्याशी थांबली आणि तुझ्या मामीला म्हणाली, "सकाळधरनं सायकलीसमोर बसून हाय. आजारी कोण हाय, सायकल का तो?" मामीने मला ते पाटीवर लिहून दाखवलं. असल्या गोष्टी ती सुवाच्य अक्षरात लिहिते.

शिवाजी

•

पालघर,
३० नोव्हेंबर

प्रिय मामा,

रात्रभर सगळ्या शक्यता लिहून काढल्या. शेवटची सगळ्यात साधी आहे. सेलच्या झाकणातून प्लास्टिकची छोटी पट्टी बाहेर आलेली असते. ती ओढून काढावी लागते. काढली ना?

ज्ञानेश्वरी

•

पाम,
३० नोव्हेंबर, दुपार

पट्टी दिसली होती. सील समजून ठेवली. चौतीस वर्षं प्लांटात काढली, अधिकाऱ्याच्या सहीशिवाय मी कुठलंही सील तोडलेलं नाही. तुझं पत्र म्हणजे लेखी परवानगी धरतो आणि वहीत डकवतो.

काढली. दोन्ही जिवंत झाले. चाकाचा दिवा लाल, पायडलचा निळा.

शिवाजी

•

पालघर,
१५ डिसेंबर

प्रिय मामी,

पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे खाली लिहिते आहे.

मामांनी एकही दिवस चुकवला नाही. विषम तारखांना, म्हणजे एक, तीन, पाच अशा दिवशी, वेग ताशी तेरा आणि पायडलच्या फेऱ्या चाळीस. अगदी हद्दीत. सम तारखांना मात्र वेग पाच आणि फेऱ्या सत्त्याण्णव. म्हणजे हद्दीच्या जवळपास दुप्पट. चौदा तारखेला तर तीन मिनिटं एकशे चौसष्ट असा आकडा दिसतो. तेवढे पाय माणूस मारू शकत नाही, म्हणून तो मी वगळला आहे.

सत्त्याण्णव मात्र वगळता येत नाही. सात दिवस तोच आकडा आला आहे. माझ्या कंपनीत औषधाच्या लेबलावर एक टिंब चुकलं तरी अख्खा माल परत बोलावतात. मी आहे तेवढंच सांगायचं कबूल केलं होतं. मला माफ कर, आणि मामांना हे पत्र हळू दाखव.

ज्ञानेश्वरी

•

पाम,
१६ डिसेंबर

ज्ञानू,

पत्र मिळालं. हळू दाखवायचं म्हणजे कसं ते कळलं नाही, म्हणून सरळ ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी वाचलं आणि भात तसाच ठेवून उठले.

मी विचार करत होते, बायकोला फसवायचंच तर माणूस रोज फसवेल, एक दिवसाआड कशाला? मग उलगडलं. आमच्याकडे सम तारखेला नळाला पाणी येतं. सकाळी सव्वाआठला जातं. त्या दिवशी बादल्या उचलायला मी यांना खूण करते. मग हे बादल्या चुकवायला घरातून निसटतात आणि मी गाठायच्या आत लांब जायला जिवाच्या आकांताने पाय मारतात. वर सायकल पाचच्या वेगाने, म्हणजे चेन पण घसरत असणार. तुझ्या मामाचं सगळंच असं. मेहनत सत्त्याण्णवची आणि काम पाचचं.

सायकलीला कुलूप घातलंय. किल्ली पिठाच्या डब्यात आहे. त्यांना सांगू नकोस. भाग्येशला रविवारी टेम्पो घेऊन ये म्हटलंय.

रंभाबाई

•

पाम,
१७ डिसेंबर

ज्ञानेश्वरी,

किल्ली पिठाच्या डब्यात आहे हे मला माहीत आहे. मी काढणार नाही. काढली तर तुझा आकडा खरा ठरेल.

तुला दम्यामुळे चौथीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. प्लांटातल्या गोल आलेखांच्या रद्दी कागदांवर, पाठकोऱ्या बाजूने, मी तुला आकडे शिकवले. बघायचं कसं ते शिकवलं, पण विचार करायला शिकवायचं बहुतेक राहून गेलं. माझ्या सायकलीला गिअर नाही. पायडलची एक फेरी झाली की चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. फिरावंच लागतं, चेन तशी आहे. मग पाय सत्त्याण्णव वेळा फिरले आणि सायकल ताशी पाचने गेली, हे दोन्ही एका वेळी खरं कसं असेल? सत्त्याण्णव फेऱ्या मारल्या असत्या तर मी तीसच्या वर गेलो असतो आणि तुला हे पत्र दवाखान्यातून आलं असतं. चेन घसरत नाही. मी तिला हाताने तपासली आहे.

तू मला खोटा म्हटलेलं नाहीस. आकडा लिहिलास. पण घरात त्याचा अर्थ तोच झाला.

माझ्या वहीचं पान पाठवतो. यंत्रं मी प्लांटाच्या शिस्तीने सांभाळली आहेत. सायकलवरून उतरलो की दोन्हींचे सेल काढून डबीत, डबीला 'पुरवठा बंद' अशी लाल चिठ्ठी. सकाळी सेल परत घालून दिव्याची नोंद. तू सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीत मी कसूर केलेली नाही.

शिवाजी

•

पालघर,
१९ डिसेंबर

प्रिय मामा,

तुमच्या वहीचं पान माझ्यासमोर आहे. एक डिसेंबर: चाक लाल, पायडल निळा. दोन डिसेंबर: चाक निळा, पायडल लाल. तीन डिसेंबर: चाक लाल, पायडल निळा. असं चौदा ओळी. तुम्ही रोज लिहीत होतात आणि मी एकदाही विचारलं नाही.

सेन्सरसोबतचा बारीक अक्षरांचा कागद मी माझ्याकडेच ठेवून घेतला होता, हरवू नये म्हणून. काल तो भिंग घेऊन वाचला. हे दोन्ही सेन्सर मुळात एकच आहेत. प्रत्येक जण वेगही मोजू शकतो आणि फेऱ्याही. काम बदलायचं असेल तर सेल काढून पुन्हा घालायचा. लाल म्हणजे वेग, निळा म्हणजे फेऱ्या. तुम्ही रोज सेल काढलात, त्यामुळे रोज सकाळी दोघांनी आपापसात कामं बदलली. सम तारखांना चाकाच्या फेऱ्या पायडलच्या म्हणून दिसल्या आणि पायडलच्या फेऱ्यांचा वेग काढला गेला. चाकाच्या सत्त्याण्णव फेऱ्या गुणिले तुमचा दोनशे तेवीसचा घेर, ताशी तेरा येतात. तो पाचचा आकडा उलटा सोडवला तर पायडलच्या फेऱ्या चाळीस. रोज तेच. तुम्ही दोन आठवडे घड्याळासारखे चाललात आणि मी तुम्हाला ताटावरून उठवलं.

हे जगात दुसऱ्या कोणी केलं नसतं. लोक सेल वर्षभर आत विसरतात. पण सांगायला हवं होतं ते मी. तुम्ही पट्टीलासुद्धा परवानगी मागता, हे मला माहीत होतं.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मी सकाळपासून तीन कागद फाडले.

सगळे दिवस उलटे करून मांडले, तेव्हा मी वगळलेला आकडाही मांडावा लागला. चौदा तारीख, रविवार. एकशे चौसष्ट या चाकाच्या फेऱ्या होत्या. म्हणजे ताशी बावीस. पायडलच्या सदुसष्ट. तीन मिनिटं. हा आकडा अशक्य नाही, मामा. हद्दीच्या बाहेर आहे.

रविवारी टेम्पो येणार. त्याच्या आत मामीला लिहावं लागेल. तेरा दिवसांचं लिहून चौदाव्याबद्दल गप्प बसता येईल, तिला कळणार नाही. मी तसं एक पत्र लिहूनही पाहिलं. पाकिटात घातलं आणि परत काढलं. आधी तुम्हाला विचारते. त्या दिवशी काय झालं?

ज्ञानेश्वरी

•

पाम,
२० डिसेंबर

चि. ज्ञानू,

सेलचं कळलं. यंत्राला काम नेमून दिलेलं असताना ते रोज बदलतं, याला मी यंत्र म्हणत नाही. पण चूक माझी अर्धी. निळा-लाल मी नोंदवला आणि विचारलं नाही. प्लांटात असताना याच कारणासाठी मी दोन जणांना झापलं आहे.

चौदा तारखेचा आकडा खरा आहे.

मला मागच्या टँकरचा हॉर्न ऐकू येत नाही, म्हणून मी दर थोड्या वेळाने मान वळवून बघत चालवतो. त्या दिवशी गावाबाहेरच्या सरळ पट्ट्यावर मान वळवली, मागे कोणी नाही. पुन्हा वळवली, कोणी नाही. रविवार होता. मग मान वळवायची सोडली आणि पाय मारले. छातीत जाळी बसवल्यापासून घरात मला लोणच्याच्या बरणीसारखं दोन्ही हातांनी उचलून ठेवतात. त्या तीन मिनिटांत मी बरणी नव्हतो.

मग भीती वाटली. उतरून बांधावर बसलो आणि नाडी मोजली. एकशे अठरा. पाच मिनिटांनी चौऱ्याऐंशी. छातीत काही नाही, दम नाही. हे वहीत लिहिलं नाही. माझ्या आयुष्यातली न लिहिलेली ही एकच नोंद. तू तो आकडा वगळलास हे वाचून मला हायसं वाटलं, आणि मग लाज वाटली.

मामीला सगळं लिही. नाडीसुद्धा. सायकल गेली तर जाईल. कमळीला सांग, बाजारात सुकाच्या गावचं कोणी भेटलं तर निरोप द्यायचा की मी येत नाही. कारण सांगायची गरज नाही. सांगितलं तरी त्याला ते माझ्या हातांच्या भाषेतूनच कळेल, दुसऱ्याच्या तोंडून नाही.

शिवाजी

•

पालघर,
२० डिसेंबर, दुपार

प्रिय मामी,

हे पत्र कमळीला मी तिच्या टमटमपर्यंत पळत जाऊन देणार आहे, म्हणून शाई पसरली असेल.

सत्त्याण्णव फेऱ्या खोट्या होत्या. चूक सेन्सरच्या वापराची आणि माझी. मामा रोज सेल काढत होते, त्यामुळे एक दिवसाआड चाकाचे आकडे पायडलच्या नावावर पडले. पाण्याचा आणि त्यांचा काही संबंध नाही. तेरा दिवस ते अगदी हद्दीत होते.

चौदाव्या दिवशी नव्हते. तीन मिनिटं ताशी बावीसने चालवली. त्यांनी स्वतः कबूल केलं आहे. नंतर नाडी मोजली, एकशे अठरा, पाच मिनिटांनी चौऱ्याऐंशी. त्यांचं पत्र सोबत आहे. ते तुझ्यासाठी लिहिलेलं नाही, पण तू वाचावंस.

अट मोडली आहे. आता काय करायचं ते तू ठरव. निरोप मी कमळीला सांगितला. ती म्हणाली, "दोन दीस थांबते. असला निरोप लवकर पोचवायचा नस्तो." मी तिला घाई कर म्हटलं नाही.

ज्ञानेश्वरी

•

पाम,
२७ डिसेंबर

ज्ञानू,

रविवारी भाग्येश टेम्पो घेऊन आला. त्याला जेवू घातलं आणि नारळाची पोती भरून परत पाठवलं. सायकल इथेच आहे. राग गेला म्हणून नाही. त्यांचं पत्र वाचलं. माणूस चाळीस वर्षं शेजारी झोपतो आणि आपल्याला बरणी समजतात हे पालघरला लिहून कळवतो.

सोमवारी तुझं आणि यांचं, दोन्ही पत्रं घेऊन त्यांना बोईसरला डॉक्टरांकडे नेलं. म्हटलं, बघा काय केलंय यांनी. डॉक्टरांनी नाडीचे आकडे दोनदा वाचले, विचारलं, हे कुणी मोजलं? मग यांना फिरत्या पट्ट्यावर चालवलं, नंतर पळवलं. अंगभर वायरी. अर्धा तास मी बाहेर बसून होते. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आजी, हृदय छान चाललंय, आता ताशी अठरापर्यंत चालेल.

मी म्हटलं, डॉक्टर, हद्द मोडली म्हणून आणलंय. वाढवून द्या म्हणून नाही.

ते हसले. यांना ऐकू आलं नाही, पण माझा चेहरा बघून सगळं कळलं. वाटभर हे रिक्षातून बाहेर बघत होते, म्हणजे हसत होते.

किल्ली दिली. सुकाच्या शेतावर जाऊ देत. पण लपवलं त्याची शिक्षा आहे. महिनाभर सम तारखेचं पाणी ते एकटे भरणार. आणि मोबाईल आता माझ्याकडे राहील. दोन आठवडे माझ्या बहिणींचे फोन यांच्या खिशात वाजत राहिले आणि यांना पत्ता नाही. धाकटीने तर माझ्याशी अबोला धरलाय.

तू नीट जेव.

रंभाबाई

•

पाम,
५ जानेवारी २०२६

चि. ज्ञानू,

काल गेलो. रेल्वे ओलांडून, डोंगराकडच्या वाटेने, सकाळी सातला निघालो. कमळीचा तो निरोप पोचलाच नव्हता. ती म्हणते विसरली. ती एकेका गिऱ्हाइकाचं वर्षाचं सगळं लक्षात ठेवते, पण असो.

सुका कुडाला टेकून वाल सोलत बसला होता. मला बघून उठला नाही. दोन्ही हातांनी विचारलं, चार महिने कुठे मेला होतास? मी छातीवर बोटाने जाळी रेखून दाखवली, मग दवाखाना, मग तुझी मामी, मग कुलूप. कुलपाला तो इतका हसला की वाल सांडले. सेन्सरची गोष्ट सांगायला मात्र पाऊण तास लागला. आमच्या भाषेत बिनतारी असा शब्द नाही, नवा करावा लागला. पारूवहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा काहीतरी म्हणाल्या. सुकाने मला हातांनी सांगितलं, ती म्हणते, तुमी दोगं बोलाया लागलात की घरात वारा येतो, पंख्याची गरज नाय.

घरी आलो तेव्हा पाय ठीक होते. हात दुखत होते. मामीने विचारलं तर सांगितलं, पाणी भरून दुखतात. चार तारीख होती, सम.

सेन्सर सुखरूप आहेत. सेल डबीत, लाल चिठ्ठी लावलेली. मोबाईल मामीकडे असल्यामुळे तुझ्याकडे काल काही आलं नसेल. वेळ लिहून ठेवली आहे, अंतर मला माहीत आहे, भागाकार तुला येतो. तरी जातानाचा वेग किती होता ते मला विचारू नकोस. विचारलास तर खरा सांगावा लागेल, आणि तुला तो मामीला कळवावा लागेल.

आशीर्वाद.
शिवाजी